‘सोने वाजवा’ नव्हे, काशे वाजवा

एका चिनी ऐतिहासिक मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत सेनापती ‘सोने वाजवा आणि सैन्य मागे घ्या’ असा हुकूम सोडतो. हा चिनी वाक्प्रचार आहे की अनुवादकाची चूक, असा प्रश्न आला आहे. चूकच आहे, आणि ‘माघारीची रणदुंदुभी’ ही तिची धाकटी बहीण तर हल्ली उठल्यासुटल्या कानी पडते. प्राचीन चीनमध्ये नगारा वाजला की पुढे जायचे असे. माघारीची दुंदुभी वाजवणाऱ्याने आपलेच सैन्य शत्रूच्या अंगावर धाडले असते.

मूळ शब्द ‘मिंग जिन शौ बिंग’ असे आहेत. ‘जिन’चा आजचा रूढ अर्थ सोने हा खरा, पण जुन्या चिनीत तो धातुमात्राचा वाचक आहे. इ.स. 100च्या सुमाराच्या ‘श्वोवन’ कोशात ‘जिन’ म्हणजे पाच रंगांचे धातू आणि त्यांत पिवळा तो श्रेष्ठ, असे सांगितले आहे. आपल्या पंचलोहातला, अष्टलोहातला ‘लोह’ तरी कोठे नुसता लोखंडाचा आहे? आपल्याकडे जातीचे नाव अखेर लोखंडाच्या वाट्याला गेले, तिकडे सोन्याच्या, एवढाच काय तो फरक. रणभूमीवरचे ‘जिन’ मात्र काशाचे.

त्यांतले ठळक वाद्य म्हणजे ‘जंग’ (फारसी ‘जंग’शी याचा काडीचाही संबंध नाही). मूठ खाली, तोंड वर, आत लोलक नाही. हातात धरून बाहेरून ठोकायचे. सुन त्झूच्या युद्धशास्त्रात म्हटले आहे की बोललेले ऐकू जात नाही म्हणून ‘जिन’ आणि नगारे, नजर पोचत नाही म्हणून निशाणे. लायनेल जाइल्स यांनी 1910च्या इंग्रजी अनुवादात या ‘जिन’च्या जागी ‘गाँग’ (टांगून वाजवायची धातूची थाळी) बसवला आणि पुढच्या अनेकांनी तो डोळे मिटून उचलला. मलय भाषेतून इंग्रजीत आलेल्या शब्दाबरोबर त्याची थाळीही सुन त्झूच्या रणांगणावर टांगणे, याला अनुवाद म्हणवत नाही.

माघारीला धातूच का, याचे उत्तर काही पंडित चिनी पंचतत्त्वांत शोधतात: धातू हे शरद ऋतूचे तत्त्व, म्हणून ते आवरते घेणारे. मला हे मागाहून चिकटवलेले तत्त्वज्ञान वाटते. नगाऱ्याचा घुमारा रथांच्या घरघराटात आणि टापांत मिसळून जातो, काशाचा टणत्कार त्यांतून आरपार निघतो. आणि स्वतःचाच नगारा चालू असताना थांबण्याचा हुकूम ऐकू जायचा, तर आवाजाची जात वेगळीच हवी. भरतमुनींच्या भाषेत, अवनद्धाला (कातडे मढवलेल्या वाद्याला) घनानेच (भरीव धातूच्या वाद्यानेच) छेद द्यावा लागतो. ‘वेइ ल्याओत्झ’ या प्राचीन चिनी युद्धग्रंथातला नियमही माझ्याच बाजूचा आहे: नगारा वाजला की पुढे, दुसऱ्यांदा वाजला की हल्ला, धातू वाजला की थांबा, दुसऱ्यांदा वाजला की मागे.

नगारा थांबू द्यायचा नाही म्हणजे काय, हे इ.स.पू. 589च्या आन येथील लढाईच्या ‘झ्वो ज्वान’ या प्राचीन चिनी इतिहासग्रंथातील वर्णनात दिसते. सेनापती स्वतः रथावर नगारा वाजवीत होता. बाण लागून रक्त जोड्यांपर्यंत ओघळले आणि त्याचा धीर सुटू लागला, तेव्हा सारथ्याने त्याला बजावले की सैन्याचे डोळे आणि कान आपल्या निशाणावर व नगाऱ्यावर आहेत. मग त्या सारथ्याने सगळे लगाम डाव्या मुठीत एकवटले आणि उजव्या हाताने टिपरू घेऊन स्वतःच नगारा बडवला. घोडे उधळले ते आवरेनात, सैन्य त्यांच्यामागे गेले आणि शत्रूच्या, म्हणजे छी राज्याच्या, फौजेचा मोड झाला.

उपशीर्षकात ‘माघारीची इशारत वाजवा’ असे लिहावे.