इतकी काटकसर करते, तरी महिनाअखेर हातात काहीच का राहत नाही?

"मॅडम, मी पै-पै वाचवते, स्वतःसाठी साधा ड्रेस घेताना चारदा विचार करते, तरी वीस तारखेनंतर पर्स रिकामीच. आणि वर घरातलेच मला चिक्कू म्हणतात." हे वाक्य थोड्याफार फरकाने समुपदेशक म्हणून मी इतक्या बायकांच्या आणि हल्ली काही पुरुषांच्याही तोंडून ऐकलंय की पहिला अर्धा भाग झाला की दुसरा काय येणार ते कळतं. कोथरूड असो, धनकवडी असो नाहीतर चिंचवड, पगार वीस हजार असो की लाखाच्या वर, तक्रार तीच. म्हणून एका जोडप्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, बोलणं मात्र बरंचसं तसंच ठेवलंय.

ती धायरीला राहणारी, चाळिशीला टेकलेली, घरी मुलांच्या शिकवण्या घेते. नवरा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. दोन मुलं, फ्लॅटचा हप्ता, गावाकडे सासूबाई. पहिल्यांदा एकटीच आली. सातवीतल्या मुलाची सॅक तिने चेन बदलून परत वापरायला दिली, तर तो म्हणाला, "आई, आपण गरीब आहोत का?" तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

मी विचारलं, "वाचवायला काय काय करता तुम्ही?"

आणि बाईचा चेहराच उजळला. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून रद्दीवाल्याला वेगळ्या देते, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते, टॉवेल विरला की त्याची पायपुसणी, पाठकोऱ्या कागदांना दोरा घालून शिकवणीसाठी वह्या, मुलांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी, तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, टूथपेस्टची ट्यूब कापून शेवटचं पुसून घेते. दोडक्याच्या शिरांची चटणी तर नवरा आवडीने मागून खातो म्हणाली. मी मनापासून ऐकत होते, कारण हे कौशल्य आहे. आपल्या आज्ज्यांनी याच्यावर मोठमोठी कुटुंबं चालवली आणि ज्यांना यात हसण्यासारखं वाटतं त्यांनी कधी आठ माणसांचं घर एका पगारात चालवलेलं नसतं.

तिचं सांगून झालं तसं मी विचारलं, "यातून गेल्या महिन्यात जे वाचलं ते आत्ता कुठे आहे?"

"कुठे म्हणजे?"

"म्हणजे बँकेत, भिशीत, डब्यात... कुठे ठेवलंय?"

"वाचले ना मॅडम ते. खर्च झाले नाहीत."

"हो, पण आहेत कुठे?"

बराच वेळ ती काही बोललीच नाही. पदराशी चाळा करत होती. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "माहीत नाही. खर्चच झाले असणार."

मी घाई केली नाही. असल्या वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, हे मला बऱ्याच वर्षांच्या कामातून पक्कं कळलंय आणि अशा शांततेतूनच माणूस स्वतःपर्यंत पोचतो असं माझं मत आहे. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं कुणासाठी करतेय हे?" आणि रडायला लागली.

हा प्रश्न मी आता पैशावरून भांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जोडप्याला विचारते. भाजीत वाचलेले चाळीस रुपये त्याच पर्समध्ये, त्याच खात्यात पडून राहतात आणि दुसऱ्या कुठल्यातरी खर्चात मिसळून जातात. वाचवणारीला कष्ट दिसतात, पैसा कधीच दिसत नाही. घरातल्यांना तर फक्त तिची टोकणी ऐकू येते, "फॅन बंद कर, इतका साबण कशाला, तो डबा टाकू नकोस." फळ दिसत नाही म्हणून ती आणखी आवळत जाते, ती आवळते म्हणून बाकीचे आणखी चिडतात. मग घरात साठत जाणाऱ्या वस्तू हीच तिच्या कष्टाची एकमेव खूण उरते, आणि म्हणूनच कुणी श्रीखंडाचा रिकामा डबा टाकला तरी तिला तो स्वतःचा अपमान वाटतो. भांडण डब्यावरून दिसत असलं तरी ते डब्याचं नसतं.

पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं आणि दोघांना म्हटलं, घरातली सगळी बिलं आणा, लाइट, किराणा, कार्ड, जे असेल ते.

तो आला तोच वैतागलेला. "मॅडम, रात्री हॉलमधला पंखा चालू राहिला तर ही मला उठवून बंद करायला लावते!" मी दोघांसमोर कागद ठेवला. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा, म्हणजे १३ तास चालला तेव्हा कुठे एक युनिट. त्यांचा गीझर २००० वॉटचा, तो अर्ध्या तासात एक युनिट खातो. सकाळी तो किती वेळ चालू असतो विचारलं तर पहिल्या अंघोळीपासून शेवटच्या अंघोळीपर्यंत, मधे कुणी बंदच करत नाही. महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, त्याच्या वर आणखी चढा, आणि त्यांचं बिल दर महिन्याला ३०० च्या जरासं पलीकडे जात होतं. म्हणजे पंख्यावरून रोज भांडण आणि पैसे जात होते गीझरमधून. स्वस्त भाजीसाठी ती स्कूटरवरून मंडईत जायची, धायरीहून जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, पन्नास रुपयांचं पेट्रोल जाळून साठ रुपये वाचवायचे. हे तिचं तिनेच मांडलं, मी फक्त पेन दिलं.

मग त्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल निघालं. थकबाकी ६२ हजार. मुलाची सायकल, दिवाळीचे कपडे, आईच्या दवाखान्याचं डिपॉझिट, असं करत करत साठलेली, आणि तो दर महिन्याला फक्त कमीत कमी रक्कम भरायचा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. हिशोब केला तर अडीच हजारांच्या आसपास नुसतं व्याजापोटी जात होतं. आणि ती महिन्याला मन मारून किती वाचवायची? तिचाच अंदाज, पंचवीसशे ते तीन हजार.

दोघंही त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. पण तोच म्हणाला, "मला सांगायची हिंमत नव्हती गं. लहानपणी मला सगळं दादाचं जुनं मिळायचं, कपडे, पुस्तकं, चपला पण. मी ठरवलेलं, पोरांना नाही म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःचं सांगितलं, जे त्यालाही पूर्ण माहीत नव्हतं. तिच्या वडिलांची पिंपरीतली कंपनी अचानक बंद पडली तेव्हा ती दहा वर्षांची होती, घरात कुणी काही बोललं नाही, फक्त एक दिवस आईच्या हातातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्या.

मी भूतकाळ उकरत बसणाऱ्यांपैकी नाही. जुनं समजलं म्हणून आजचं आपोआप बदलत नाही, आज डोक्यात जी समजूत पक्की बसलीय ती तपासावी लागते असंच मी मानते. पण इथे दोघांना एवढं दिसणं गरजेचं होतं की दोघंही एकाच टंचाईतून आलेत. एकाने मूठ आवळली, दुसऱ्याने उघडी सोडली, आणि दोघांनीही ते घराच्या भल्यासाठीच केलं.

खरी कसोटी पुढे होती. तिच्या नावावर ६५ हजारांची एफडी होती, "अडीअडचणीला" म्हणून ठेवलेली. मी विचारलं, यावर महिन्याला किती मिळतं? सात टक्के धरून तिने आकडेमोड केली, चारशेही होत नव्हते. "आणि कार्डाला किती जातात?" ती गप्प. मंडईत दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई, तिला गणित शिकवायची काहीच गरज नव्हती. अडत होतं ते दुसरंच. "मॅडम, एफडी मोडली आणि उद्या यांची नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "आज गेली तर? एफडी असेल, पण कर्जही असेल आणि व्याजही वाढत राहील." मोडा असं मी सांगितलं नाही, तो निर्णय त्यांचा. पुढच्या भेटीत आले तेव्हा कार्ड फेडून आले होते. तिने त्या पैशांसाठी नवऱ्याकडून एक वचन मात्र घेतलं होतं, एफडीचे पैसे आधी परत जमवायचे, मग बाकी सगळं.

आता ज्या बायका हे वाचताना स्वतःचं घर आठवत असतील त्यांच्यासाठी थोडं.

वाचलेला पैसा त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात हलवा. दुसऱ्या खात्यात, भिशीत, पोस्टाच्या आरडीत, ती महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते. जिथे असेल तिथे त्याला नाव द्या आणि ते नाव घरात सगळ्यांना माहीत असू द्या. या जोडप्याने फ्रिजवर कागद लावला, दर रविवारी त्यावर आकडा लिहायचा. मुलाने आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदासमोर मिळवलं. आईने त्याला सांगितलं की गरीब नाही आहोत, पण सगळं नवं घेता येईल इतकेही पैसे नाहीत, तर नवं काय हवं ते तू ठरव. तो म्हणाला सॅक नवी हवी, धाकट्याला सायकल जुनी चालेल. मुलांना जुनं वापरायची लाज फारशी नसते, न विचारता लादलं की ती येते.

वस्तू ठेवायची असेल तर तिचं पुढचं काम ठरवून ठेवा. विरलेली साडी, गोधडीसाठी, या दिवाळीच्या सुट्टीत. काम सांगता येत नसेल तर जाऊ द्या, रद्दीवाला आहे, भांडीवाली आहे, पुण्यातल्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका आहेत, त्यांच्या हातात ती वस्तू तुमच्या माळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. या काकणभर कडक नियमाने तिचा माळा अर्धा रिकामा झाला. दुधाच्या पिशव्या मात्र ती अजून धुते आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

आणि ते दोडक्याच्या शिरांचं लक्षात घ्या. ती चटणीसुद्धा काटकसरच होती, पण त्या घरात तिला कधी कुणी नावं ठेवली नाहीत, कारण ती चवीने केलेली आणि न बोलता वाढलेली. टोमणा मारून वाचवलेले दहा रुपये घरातल्यांना बोचतात, दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम वीस खर्च करतात, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. तेव्हा टोकायचंच असेल तर मोठ्या गोष्टीवर टोका, हप्ते, कार्ड, गीझर, पेट्रोल, आणि पंखा सोडून द्या.

नवरा बोलायलाच तयार नसेल तर? हाही प्रश्न येतोच. तेव्हा "तुम्ही उधळता" इथून सुरुवात करू नका, स्वतःचा कागद आधी दाखवा, मी महिन्यात इतके वाचवले आणि ते इथे ठेवलेत. बऱ्याचदा समोरचा त्यानंतर आपलं बिल काढतो. पण वाचवायचं म्हणून घरात कुणाची औषधं चुकत असतील, डॉक्टरकडे जाणं टाळलं जात असेल, रोज पैशाच्या विचाराने झोप लागत नसेल किंवा एक रुपया खर्च करतानाही छातीत धडधडत असेल तर कागद-पेनाने भागणार नाही, कुणाशी तरी बोला. समुपदेशकाची फी परवडत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.