थुतमोसचं साम्राज्य की मुलूखगिरी?

एका वाचकाचा प्रश्न: प्राचीन इजिप्तवरच्या मराठी मजकुरात एकाच काळाला कुठे 'नवे राज्य' म्हटलेलं दिसतं, कुठे 'नवे साम्राज्य'. बरोबर काय? आणि तिथल्या राजाला परमुलखातून जे मिळायचं त्याला 'खंडणी' म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर चटकन देता येतं. ही नावं इजिप्तच्या लोकांची नव्हेतच. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी तिथल्या इतिहासाचे जुना, मधला, नवा असे तीन भाग पाडले आणि प्रत्येकाला 'राइश' म्हटलं. या शब्दात राज्यही मावतं नि साम्राज्यही. इंग्रजीत त्याचं 'किंगडम' झालं, फ्रेंचमध्ये 'आँपीर'. त्यामुळे फ्रेंच पुस्तकांत पिरॅमिडवाला खुफूसुद्धा साम्राज्याच्या काळातला ठरतो. कालखंडाचं नाव म्हणून 'नवे राज्य' लिहावं, एवढंच.

खरी चर्चा पुढे आहे. त्या काळात इजिप्तने जे उभं केलं त्याला साम्राज्य म्हणावं का? आपल्याकडे या बाबतीत शब्दांची वाण नाही. आरती संपली की मंत्रपुष्पांजलीत आपण 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं' म्हणतो. ऐतरेय ब्राह्मणातल्या त्या ओळी सत्तेच्या प्रकारांची यादीच आहेत. सत्ता एकाच प्रकारची नसते, हे जाणणाऱ्या भाषेत आपण बोलतो. मग इजिप्तलाही एकच शब्द सरसकट का लावायचा?

सुरुवात झाली ती घर सोडवण्यापासून. उत्तर इजिप्त हिक्सोस या परक्या राजांच्या ताब्यात होतं. इ.स.पू. १५५०च्या सुमारास अहमोस या इजिप्तच्या राजाने त्यांची अवारिस ही राजधानी घेतली आणि पाठलाग करत थेट दक्षिण पॅलेस्टाइनमधल्या शारुहेनला वेढा घातला. तो तीन वर्षं चालला. ही हकीकत कळते ती त्याच्याच सैन्यातल्या, त्याच नावाच्या एका शिपायाकडून. एल काब इथल्या आपल्या थडग्याच्या भिंतीवर त्याने लढाईत तोडून आणलेले हात आणि त्याबद्दल मिळालेलं सोनं नोंदवलं आहे. घोड्यांचे रथ इजिप्तच्या फौजेत रुळले तेही याच सुमारास.

मग आला राजा तिसरा थुतमोस. पॅलेस्टाइनमधल्या मगिद्दोच्या लढाईत (इ.स.पू. १४५७च्या आसपास) तो अरुनाच्या अरुंद खिंडीतून अनपेक्षितपणे पुढे निघाला आणि शत्रूची फळी मोडली. पण सैन्य लुटीत गुंतलं, तेवढ्यात दरवाजे बंद झाले नि शहर घ्यायला सात महिने वेढा द्यावा लागला. कर्नाकच्या देवळात कोरलेल्या बखरीत ९२४ रथ हाती लागल्याची नोंद आहे. त्यानंतर सुमारे वीस वर्षं तो पुन:पुन्हा सीरियावर जात राहिला. सोळा-सतरा स्वाऱ्या झाल्या. एका वर्षी तर सैन्य तिथल्या द्राक्षमळ्यांत आणि धान्याच्या राशींत इतकं सुखावलं की शिपाई रोज दारू पिऊन, अंगाला तेल लावून होते, मायदेशी सणाला असावेत तसे, असं बखरकार लिहितो.

याला मराठीत नेमका शब्द आहे: मुलूखगिरी. दरसाल परमुलखात उतरायचं, वसूल घ्यायचा, धाक बसवायचा आणि परतायचं. स्थानिक राजा गादीवरच राहायचा, त्याची मुलं मात्र इजिप्तला नेली जायची. पुढे अमार्ना इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरच्या पत्रांत असेच स्थानिक राजे इजिप्तच्या राजाच्या पायांवर 'सात वेळा आणि सात वेळा' लोटांगण घालून धनुर्धर पाठवा म्हणून विनवताना दिसतात. ते मांडलिक होते. त्यांचा मुलूख इजिप्तचा झाला नव्हता.

आता खंडणी. इजिप्शियन शब्द आहे 'इनू', म्हणजे 'आणलेलं'. मौज अशी की थुतमोसच्या बखरीत अश्शूर, बाबिलोन आणि हित्ती या स्वतंत्र राज्यांकडून आलेलं देखील इनूच आहे. त्यांनी हार मानलेली नव्हती. म्हणून इनूला 'नजराणा' म्हणावं. त्यात बरोबरीचा आणि हाताखालचा दोन्ही मावतात, आणि दडपणाची छटाही राहते. आज वर्तमानपत्रं वाचणाऱ्याच्या कानाला 'खंडणी' गुंडाची वाटते, हेही एक कारण.

दक्षिणेकडे मात्र बखरीतला शब्दच बदलतो. नूबियातल्या वावात आणि कुश इथून येतं ते 'बाकू', म्हणजे कामातून, राबणुकीतून निघालेलं. हा झाला 'सारा', म्हणजे सरकारी कर! मुलूख ताब्यात, वसुली ठरलेली, सोन्याच्या खाणी चालू, नाईलकाठी देवळं आणि गावं इजिप्शियन धाटणीची. इथे 'साम्राज्य' बिनदिक्कत लिहावं.

तिथल्या अधिकाऱ्याचं पद होतं 'कुशचा राजपुत्र', आणि ते भूषवणारे सहसा राजाच्या पोटचे नसत. शब्दश: भाषांतर केलं तर वाचक फसेल. मी 'कुशचा सुभेदार' लिहीन. तुतनखामेनच्या काळात या पदावर हुय होता. थीब्जमधल्या त्याच्या थडग्यात नेमणुकीचा प्रसंग रंगवला आहे: दक्षिण इजिप्तमधल्या नेखेनपासून नूबियातल्या नापातापर्यंतचा मुलूख सोपवून त्याच्या हाती मुद्रेची सोन्याची अंगठी दिली जाते. आपल्याकडे शिक्केकट्यार देत, तशीच.