वाचकांचे प्रश्न : वाळलेला हात आणि ‘क्सेरॉस’

प्रश्न : उपवासकाळातील एका प्रवचनात ‘क्सेरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आत्म्याचा कोरडेपणा’ असा सांगण्यात आला आणि येशूने सभास्थानात बऱ्या केलेल्या, हात वाळलेल्या माणसाची बायबलमधील गोष्ट त्या अर्थाने उलगडण्यात आली. मूळ शब्दात हा अर्थ खरोखर आहे का? आपला ‘झेरॉक्स’ही याच शब्दातून आला, हे खरे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. होय, ‘झेरॉक्स’ त्याच शब्दातून आला आहे. चेस्टर कार्लसन यांनी 1938 मध्ये ओली रसायने न वापरता, कोरड्या भुकटीने प्रत उमटवण्याची रीत शोधली. पुढे तिला ‘कोरडे लेखन’ या अर्थाचे ग्रीक नाव मिळाले आणि कंपनीचे नाव त्यावरूनच पडले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे. ‘क्सेरॉस’ म्हणजे ज्यातील ओल गेली आहे किंवा ज्यात ओल नाही असे काहीही. मग ती जमीन असो, लाकूड असो, हाड असो की माणसाचा अवयव. बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात पाणी एका ठिकाणी जमून जी ‘कोरडी’ दिसू लागते, तिच्यासाठी हाच शब्द आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात येशू शास्त्री-परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहूदी धर्मपंडितांना, ‘तुम्ही समुद्र आणि कोरडी पालथी घालता’ अशा अर्थाचे जे बोलतो, तेथेही ‘कोरडी’ म्हणजे केवळ जमीन. या दोन्ही ठिकाणी आत्म्याचा काही संबंध नाही.

आता तो हात. ही गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानकारांपैकी मत्तय आणि लूक येथे ‘क्सेरॉस’ हे विशेषण वापरतात, तर मार्क तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याच्याच क्रियापदाचे ‘वाळून गेलेला’ असे रूप वापरतो, ज्यावरून तो हात जन्मापासून तसा नसावा असा तर्क करता येतो. तो उजवा हात होता, एवढे एकटा लूक सांगतो. शब्द रोगाचे नाव सांगत नाही, दिसणारी अवस्था सांगतो. पोलिओ झालेल्या मुलाविषयी आपल्याकडे ‘त्याचा पाय वाळला’ असे म्हणतात, तेव्हा मांस झडलेला, ताकद गेलेला पाय डोळ्यांसमोर येतो. ग्रीक वाचकासमोरही जवळपास तेच चित्र उभे राहत असे. म्हणून येथे ‘शुष्क’ किंवा ‘कोरडा’ यांपेक्षा ‘वाळलेला’ हाच शब्द मला अचूक वाटतो. जुन्या करारात यराबाम राजाने संदेष्ट्यावर उगारलेला हात वाळतो आणि त्याला तो मागे घेता येत नाही, तेथेही ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आहे.

प्रवचनकारांना ज्या कोरडेपणाविषयी बोलायचे असते, त्याच्यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द जवळचा आहे : ‘आनिद्रॉस’, म्हणजे निर्जल. देवाच्या ओढीने तहानलेल्या जिवाचे 63वे स्तोत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातील रुक्ष भूमीसाठी ग्रीक भाषांतरात ‘क्सेरॉस’ नसून ‘आनिद्रॉस’ आहे. मत्तयाच्या ज्या 12व्या अध्यायात वाळलेला हात येतो, त्याच अध्यायात पुढे अशुद्ध आत्मा विसावा शोधत निर्जल जागांतून भटकतो आणि तेथेही ‘आनिद्रॉस’ हाच शब्द येतो. एकाच अध्यायात दोन शब्द असताना ते एकमेकांत मिसळणे योग्य नाही.

शिवाय हे वाळणे नेहमी वाईटच असते असेही नाही. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात ती व्याधी आहे, पण पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली स्त्री येशूच्या वस्त्राला शिवते तेव्हा तिच्या रक्ताचा झरा ‘सुकतो’, आणि हे सुकणे म्हणजेच तिचे बरे होणे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 14व्या अध्यायात, पृथ्वीचे पीक ‘वाळले’ आहे, म्हणजे कापणीला आले आहे. ज्वारीचे कणीस हातात घेऊन पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ नसल्याने करपलेले रोप किंवा वेलीपासून तुटून वाळलेला फाटा यांत आध्यात्मिक अर्थ जरूर आहे, पण तो येशूच्या दाखल्यातून, म्हणजे बोधकथेतून, येतो, शब्दातून नव्हे.

माझ्या मते या शब्दाचा सर्वांत हृदयस्पर्शी उपयोग लूकच्या 23व्या अध्यायात आहे. वधस्तंभाकडे नेले जात असताना येशू रडणाऱ्या यरुशलेमच्या स्त्रियांना विचारतो की, ओल्या लाकडाचे असे करतात, तर वाळलेल्याचे काय होईल? आपली ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण येथे चटकन आठवते, पण दोहोंची दिशा उलट आहे. म्हणीत सुक्याच्या संगतीने ओल्यावर संकट येते. लूकमध्ये ओले, म्हणजे निरपराध येशू, आधीच संकटात आहे आणि त्यावरून सुक्याची, म्हणजे त्या नगराची, पुढची गत मोजली जाते. स्वतःच्या मरणाच्या वाटेवर तो त्या स्त्रियांची आणि त्यांच्या मुलांची काळजी करतो आहे.