पहिलं हेडगार्ड घेताना

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. बॉक्सिंगच्या हेडगार्डमुळे, म्हणजे डोक्याला घालायच्या गादीदार कवचामुळे, भुवई फुटणं, गाल सुजणं, कान दुखावणं कमी होतं. मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. डोकं झटक्याने फिरलं की आत मेंदूही हलतो, बाहेर गादी कितीही जाड असली तरी. त्यामुळे ‘आता लागणार नाही’ म्हणत ठोसे खाऊ नकोस. नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक हीच. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, गरगरलं किंवा डोकं दुखायला लागलं, तर तिथेच थांब आणि प्रशिक्षकांना सांग.

खरेदीत मापाला पहिला मान दे. भुवयांच्या जरा वर, कपाळाभोवती टेप लावून मोज. मग:

- हनुवटीचा पट्टा लावून डोकं जोरात हलव, हाताने पुढून ढकल. डोळ्यांवर सरकलं तर घेऊ नकोस. घाम आल्यावर ते आणखी सरकेल.
- मान न वळवता खाली आणि बाजूला बघ. गालावरचं पॅड फार जाड असेल तर अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, दिसतच नाही.

स्पर्धेचं हेडगार्ड एवढ्यात घेऊच नकोस. एलिट (वरिष्ठ) पुरुष गटात २०१३ पासून ते काढून टाकलंय, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्येही पुरुष त्याविनाच लढले, महिलांनी मात्र घातलं होतं. तुझ्या गटाचा नियम प्रशिक्षकांना विचार.

चामडं की सिंथेटिक, हे नंतर बघू. माउथगार्ड (दातांवर बसवायचं कवच) मात्र आजच घे.