भीमराजात भीम नाही

इंदूरच्याच एका काकूंचा प्रश्न: "पचमढीला गाइडने एक काळा, लांब शेपटीचा पक्षी दाखवला. म्हणाला, हा भीमराज. शेपटीला भीमाच्या गदा आहेत ना, म्हणून. भाचा म्हणतो, खरं नाव भृंगराज. पण भृंगराज तर तेलातला माका! मग मराठीत त्या पक्ष्याला म्हणायचं काय?"

काकू, आधी ती गदा खाली ठेवा. भीमाचा या पक्ष्याशी काडीचा संबंध नाही. सातपुड्यात सहलीला जाऊन आलेला प्रत्येक जण ही गदेची गोष्ट ऐकवतो. आता कुणी नुसतं 'भी' म्हटलं तरी माझं डोकं उठतं. संस्कृत 'भृंग', प्राकृतात 'भिंग'. भिंगराजातला भिंग कुणाला कळेना, भीम मात्र घरोघरी ओळखीचा. झाला भीमराज.

माक्याबद्दल फार बोलत नाही. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, 'मार्कवो भृङ्गराजः स्यात्' असं सरळ दिलंय. मार्कवाचा माका झाला, पुढचं तेलवाल्यांनी पाहून घेतलं.

खरी गंमत त्या 'भृंगा'त आहे. भृंग म्हणजे भुंगा. आता हा पक्षी उडताना आठवा. शेपटीची अगदी कडेची दोन पिसं लांबच लांब, त्यांची काडी उघडी, आणि फक्त टोकाला पिळवटलेलं पान. साल वृक्षांच्या दाट शेंड्यांत ती बारीक काडी दिसतच नाही. दिसतो एक काळाभोर पक्षी, आणि वीत-दीड वीत अंतर राखून त्याच्या पाठीस लागलेले दोन मोठे भुंगे. राजा पुढे, हुजरे मागे! हे नाव ठेवणारा कोश उघडून बसलेला नव्हता, मान वर करून झाडाखाली उभा होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

कोशवाल्यांना हे पटत नाही. ते अमरकोशातलंच 'कलिङ्गभृङ्गधूम्याटाः' काढून दाखवतात. कोतवाल पक्ष्याची ही तीन नावं. म्हणजे भृंग हा साधा कोतवाल, आणि हा त्याहून थोराड, वर डोक्यावर तुरा, म्हणून भृंगांचा राजा. बरं, पण साध्या कोतवालाला तरी भृंग का म्हटलं? "काळा म्हणून." कावळाही काळाच आहे, त्याला नाही कुणी भुंगा म्हणत. राजाचंच नाव प्रजेला मिळालं असेल, असं का नको? पिसं झडतात तेव्हा याचे भुंगेही गळून पडतात, मग काय, असा सवाल एका सद्गृहस्थांनी टाकला होता. टक्कल पडलं म्हणून केशवरावांचं नाव बदलतात का? पक्षी न बघता बारसं केलं की काय होतं, ते सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसचं पाहा: १७६६ साली त्याने याला चक्क कोकिळांच्या प्रजातीत घातलं.

आणि त्या 'धूम्याटा'कडे तर कुणाचं लक्षच नाही! धूम्या म्हणजे धुराचे लोट, अट म्हणजे हिंडणारा. अर्थ लावतात, धुरासारखा हिंडणारा. अहो, धुरासारखा नाही, धुरात! गवत पेटलं की किडे उडतात आणि ते टिपायला कोतवाल थेट धुरात शिरतात. आपल्याकडे गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटं, जाळतात (जाळू नये, तो भाग वेगळा) तेव्हा शेताकडेच्या तारांवर नजर ठेवा. शतकानुशतकं टीका लिहायच्या ऐवजी एकदा शेतावर जाऊन आलं असतं तर भागलं असतं.

हां, मराठी नाव. पुस्तकांत 'पल्लवपुच्छ कोतवाल' छापतात. वाईट नाही, पल्लवाचाच आपला पालव, झाडाचाही आणि पदराचाही. पण रानात ते उच्चारून होईपर्यंत हा पठ्ठ्या शिकारी पक्ष्याचा आवाज काढून, बाकीच्यांची पळापळ उडवून, कुणाच्या तरी चोचीतला किडा घेऊन पसार झालेला असतो. मी भृंगराज म्हणतो. माक्याची हरकत नसावी.