फिती शिवलेल्या का नाहीत?

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवालदार होते. त्यांच्या खाकी सुती शर्टाच्या बाहीवरच्या, हुद्दा दाखवणाऱ्या V आकाराच्या फितींना मागे हुक आहेत. असं का? पुन्हा लावायच्या कशा?
– एक वाचक, कामठी (नागपूर)

उत्तर : उष्ण प्रदेशात घामाने भिजलेला शर्ट सारखा धुवावा लागे, वर कांजी आणि कडक इस्त्री. त्यात लोकरी कापडावरच्या फिती आटतात, रंग सोडतात. म्हणून त्या काढता येतील अशा ठेवत. खांद्यावरच्या सरकत्या पट्ट्यांमागेही हाच विचार.

हवालदाराच्या फिती तीन, टोक कोपराकडे. बाहीवर दोऱ्याच्या जुन्या कड्या शोधा, हुक त्यातच अडकवा. नवी भोकं कृपया पाडू नका. फिती धुऊ नका, मऊ ब्रशने झटका. नागपूरच्या पावसाळ्यात लोखंडी हुक गंजून कापडावर डाग पाडतात, तेव्हा फिती काढून मलमलीत वेगळ्या ठेवा.