पहिल्या रविवारचा हात

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन उचलल्या उचलल्या तू म्हणालीस, "काका, परत आली." कोण आली ते विचारावं लागलं नाही. तुझ्या मोदकला, त्या लाडक्या पग कुत्र्याला, तिसरी गाठ, डाव्या काखेत, हरभऱ्याएवढी. मग अर्धा तास बोललीस, त्यात बराच वेळ रडलीस. बोलता बोलता एक वाक्य असं टाकलंस की मला पहाटे चारला जाग आली. म्हणालीस, "हल्ली मी हात पुढे केला की मोदक उठून दुसऱ्या खोलीत जातो."

आधी गाठीचं सांगतो, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

२००६ साली आमच्या बंड्याच्या मांडीवर गाठ आली. लॅब्रॅडॉर, सात वर्षांचा, खाऊन गोल झालेला. मी दोन बोटांत धरून पाहिली. मऊ होती, कातडीखाली हलत होती. "चरबीची आहे," असं जाहीर करून मोकळा झालो. घरात जनावरांचा डॉक्टर मीच, मग अपील करायचं कुणाकडे? ती गाठ एखाद्या दिवशी सुजायची, दोन दिवसांनी बसायची. मला वाटायचं, किडा चावला असेल. येताजाता मी ती दाबून बघायचो. आठ महिने असेच गेले. मग बंड्या उलट्या करायला लागला आणि त्याची शी डांबरासारखी काळी झाली, तेव्हा माझ्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने गाठीत सुई घातली, काचेवर थेंब पसरला, रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. जांभळ्या दाण्यांनी खच्चून भरलेल्या गोल पेशी. मास्ट सेल ट्यूमर, कुत्र्यांच्या कातडीतला एक कॅन्सर. एकतीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस मी, आणि स्वतःच्या कुत्र्याची गाठ बोटांनी ओळखायला गेलो.

तुझ्या मोदकलाही तेच आहे, म्हणून ही मास्ट सेल नावाची पेशी काय चीज आहे ते ऐकून ठेव. ती माझ्यात, तुझ्यात, सगळ्यांतच असते. तिच्या पोटात हिस्टामिन, हेपॅरिन असला दारूगोळा साठवलेला असतो. गांधीलमाशी चावल्यावर जी आग आणि सूज होते, ती बरीचशी याच पेशीची करामत. १८७८ मध्ये पॉल एर्लिख नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने लाइपझिगमध्ये आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं. आतले ठासलेले दाणे बघून त्याला वाटलं, ही पेशी खाऊनपिऊन माजलीय, म्हणून त्याने जर्मनमधला जनावर पोसण्याचा शब्द तिला चिकटवला. आपल्या बेंदराच्या बैलासारखी! त्याची समजूत चुकीची होती, नाव मात्र राहिलं.

या पेशींची गाठ झाली की ती दाबणं म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काठी घालणं. जागा लाल होते, सुजते, आणि रक्तात गेलेलं हिस्टामिन जठरातलं आम्ल वाढवतं. त्यातून अल्सर होतो, त्यातून रक्त जातं आणि शी काळी होते. बंड्याच्या पोटाचं कारण मीच होतो का, हे आता कळायचं नाही. तू मात्र दाबू नकोस. म्हणूनच डॉक्टर गाठीला हात लावण्याआधी ॲलर्जीचं इंजेक्शन देतात, सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात. मात्रा त्यांनी वजनावर काढलेली असते, तू मनाने वाढवू नकोस. आणि घरातली आयबुप्रोफेनची गोळी, "दुखत असेल बिचाऱ्याला" म्हणून, कधीही देऊ नकोस. धडधाकट कुत्र्याच्या पोटालाही ती झेपत नाही.

तुझ्या आजी हळदीचा लेप लावायला सांगतायत म्हणालीस. त्यांना दुखवू नकोस, पण लावूही नकोस. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा, हा प्रकार मी बैलांवर शेकड्यांनी पाहिला आहे. चामखीळ असली तर गळूनही पडते. या गाठीला केस बांधला तर काय होईल, ते वरच्या परिच्छेदात आलंच.

आता "परत आली" या शब्दांबद्दल. परत येण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. जुन्या टाक्यांच्या जागी किंवा त्याला लागून गाठ आली, तर मागच्या वेळी मुळं राहिली. गाठ लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसीकाग्रंथीत, प्लीहेत, यकृतात गेली, तर आजार पसरला. आणि अंगावर भलत्याच ठिकाणी कातडीत नवी, सुटी गाठ आली, तर बहुतेक वेळा ती पहिलीची लेक नसते. ती स्वतंत्र गाठ असते आणि तिला पहिल्यासारखंच नव्याने तपासायचं असतं. मोदकची पहिली पाठीवर, दुसरी मागच्या पायावर, ही काखेत. पग जातीला अशा अनेक गाठी यायची खोड आहे, आणि पगमध्ये त्या पुष्कळदा कमी ग्रेडच्या, म्हणजे सौम्य, निघतात. हच या मोबाइल कंपनीच्या पगवाल्या जाहिरातीनंतर घरोघर पग आले, पण ही खोड जाहिरातीत कुणी सांगितली नाही. फक्त काखेत लिम्फ नोड असतो, त्यामुळे हरभरा कातडीत आहे की खाली नोड सुजलाय, हे डॉक्टरांना नीट बघायला सांग. लागलं तर दोन्हीकडे सुई घालू दे.

सुईच्या रिपोर्टवर "निश्चित सांगता येत नाही" असं आलं तर हताश होऊ नकोस. झटपट रंगवण्याच्या पद्धतीत हे दाणे कधी कधी रंगच घेत नाहीत. नमुना पुन्हा घ्यायला लावायचा.

ऑपरेशननंतर गाठ पूर्णच्या पूर्ण, फॉर्मॅलिनमध्ये, लॅबला गेली पाहिजे. हे तू तोंडाने सांग. "दिसायला साधीच होती" म्हणून कचऱ्यात गेलेल्या गाठी मला ठाऊक आहेत. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी वाच, ग्रेड आणि कडा. ग्रेडची तीन पायऱ्यांची पद्धत अमिय पटनाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ८३ कुत्र्यांवरून बसवली. मधल्या पायरीवर सगळ्यांचाच घोळ व्हायचा, म्हणून २०११ पासून दोनच पायऱ्यांची पद्धतही वापरतात, लो आणि हाय. कडा स्वच्छ म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत रोगट पेशी पोचलेल्या नाहीत. त्यासाठीच हरभऱ्याएवढ्या गाठीला डॉक्टर बाजूने दोन सेंटिमीटरपर्यंत आणि खाली स्नायूच्या आवरणासकट कापतात. एवढा मोठा टाका पाहून मागच्या वेळी तू त्यांच्यावर चिडलीस. विनाकारण चिडलीस.

हाय ग्रेड आली तर मी तुला गोड बोलणार नाही. ती गाठ काही महिन्यांत सगळं उलटंपालटं करू शकते. मग व्हिनब्लास्टिन, प्रेडनिसोलोन, टोसेरानिब ही औषधांची नावं ऐकावी लागतील. टोसेरानिब हे खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालेलं पहिलं औषध. पण आधीचे दोन्ही रिपोर्ट लो आहेत, तर आज रात्री त्या नावांचा मोबाइलवर शोध घेत बसू नकोस.

आता ते पहाटे चारचं.

मोदक उठून का जातो? तुझा हात बदललाय म्हणून. आधी तो हात खाजवायचा, थोपटायचा. आता तो शोधतो. बोटं थांबतात, मागे येतात, चिमटीत कातडी धरतात, मोबाइलची बॅटरी लागते, तुझा श्वास अडकतो. कुत्र्याला कॅन्सर कळत नाही, अडकलेला श्वास कळतो. माझंही बंड्याबाबत हेच झालं होतं. दिवसातून पाच वेळा मी त्याला चाचपायचो. शेवटी तुझ्या काकूने एक दिवस माझा हात धरला आणि म्हणाली, "तो रोज आजारी नाहीये. तुम्ही त्याला रोज आजारी पाडताय."

तेव्हापासून आम्ही महिन्याचा पहिला रविवार ठरवला. सकाळी, फिरून आल्यावर. नाकापासून सुरुवात, ओठ उलटून, कानामागे, गळा, काखा, छाती, पोट, जांघा, पंजांच्या बोटांमधल्या फटी, शेपटीखाली. दरवेळी हाच क्रम, दहा मिनिटं, आणि मध्ये मध्ये उकडलेल्या अंड्याचे तुकडे. वहीत कुत्र्याचं चित्र दोन्ही बाजूंनी काढायचं, गाठ दिसली की तिथे टिंब, तारीख आणि माप, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो. वाटाण्याएवढी झाली किंवा महिनाभर टिकली, तर सुई. मोदकच्या इतिहासामुळे मास्ट सेलची शंका आली तर महिना थांबायचंही नाही. बाकीचे एकोणतीस-तीस दिवस हात फक्त लाडाचा. चुकून काही लागलं तर लागलं, वहीत लिही आणि खाजवत राहा.

एक सांगू? सगळ्याच गाठी गाठी नसतात. एका गृहस्थांनी मला रात्री अकराला घाबरून बोलावून घेतलं होतं. त्यांच्या कुत्र्याच्या पोटावर, दोन रांगांत, सारख्या अंतरावर आठ गाठी. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात हे त्यांना त्या रात्री कळलं. दुसऱ्या एकाने गोचीड समजून मस ओढून काढला होता. पहिल्या रविवारी मोदकची स्तनाग्रंही वहीत मांडून घे.

लोक बोलतील. "कुत्र्यावर एवढा खर्च?" तुझ्या ऑफिसातलं कुणी बोललंच आहे. त्यांना उत्तर देत बसू नकोस, पण स्वतःशी हिशेब जरूर कर. दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाक. आणि दोन-तीन छोट्या गाठी असतील तर एकाच भुलीत निघतात का, हे आधी विचार. पैसे वाचतात ही एक गोष्ट, पण पगचं नाक चपटं असल्याने त्याला प्रत्येक भूल जपून द्यावी लागते. शुद्धीवर येताना श्वासनळीतली नळी तो नीट जागा होईपर्यंत काढायची नाही आणि तोवर माणूस शेजारून हलायचा नाही. हेही विचारून घे. लाजू नकोस.

बंड्याला एकूण पाच गाठी झाल्या. चार काढल्या. पाचवी अकराव्या वर्षी आली, शेपटीच्या मुळाशी, छोटी. सुई घातली, मास्ट सेलच निघाली. मी आणि काकूने ती कापायची नाही असं ठरवलं. जागा अवघड होती, वय झालं होतं, आधीचे सगळे रिपोर्ट सौम्य होते. पोटाच्या गोळ्या चालू ठेवल्या. त्यानंतर तो दोन वर्षं जगला आणि गेला तो मूत्रपिंडाने. आमचा निर्णय बरोबर होता की नशीब, ते मला माहीत नाही, आणि मोदक फक्त सात वर्षांचा आहे, तेव्हा तू आमचं अनुकरण करू नकोस. मोदकची काख आत्ता कापण्याजोगी आहे.

गुरुवारी ऑपरेशन आहे. रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं ते दवाखान्यातून विचारून वहीत लिही. प्लास्टिकचा कोन घातला की तो दारांना आपटत फिरतो आणि तू रडतेस, हे मागच्या दोन वेळचं. काखेच्या टाक्यांना जीभ लागू नये म्हणून तान्ह्या मुलाचं झबलं चालतं, पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि पाठीवर बंद बांधायचे. डॉक्टरांना आधी दाखव. काकूने नातवाची तीन जुनी झबली धुऊन, पोटाशी थोडी उसवून ठेवली आहेत. उद्या सकाळच्या साताऱ्याहून निघणाऱ्या एसटीने पार्सल टाकतो. दुपारी स्वारगेटला जाऊन घे. पावती फोनवर पाठवतो.

तुझा,
काका